उघड्या दाराची बेल

आमच्या घरमालकांना आयुष्यात कधी काही कमी पडलं नाही; ते कमी आहे हे कुणी दाखवून देईपर्यंत. आणि दाखवून द्यायला आम्ही भाडेकरू होतोच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला महाप्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. साताऱ्याचा संसार ट्रकमध्ये घालून आम्ही बेलापूरजवळच्या त्यांच्या गावात उतरलो, तेव्हा हे गृहस्थ लेंगा-बनियनवर ओट्यावर उभे होते. सामानाला हात लावतील असं वाटलं होतं, पण ते लग्नातलं रुखवत बघावं तसे आमच्या वस्तू निरखत राहिले. "यो काय हाय?" टोस्टर, मी म्हणालो, लग्नात आलाय. "मंग आमच्याकडं का नाय?" आम्ही वरच्या मजल्यावर, ते खाली; आठवडाभरात खालीही टोस्टर आला. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या त्या घरात पाव कुणी खात नसे, म्हणून मग पाव सुरू झाला.

घरमालक म्हणजे पूर्वीचे शेतकरी. भातशेती शहर वसवायला गेली, तिथे सेक्टर उभे राहिले आणि मोबदल्यातून गावात हे दुमजली घर झालं. शेत होतं तोवर माणसाला काय हवंय ते शेतच सांगायचं. ते गेल्यावर ही जबाबदारी आमच्यावर येऊन पडली. आमचा फ्रीज बघून त्यांनी त्याहून उंच फ्रीज आणला. मालकीणकाकूंनी मात्र त्यात मासळी ठेवायला साफ नकार दिला. शेजारच्या दिवाळे गावची कोळीण रोज सकाळी ताजी टोपली घेऊन दारात येते ती काय आम्ही शिळं खावं म्हणून, असा त्यांचा सवाल. रिकामा फ्रीज बघवेना तेव्हा घरमालक त्यात इस्त्रीचे शर्ट ठेवू लागले. "उन्हान जाताना घालून बगा सायेब, काय गार वाटतं!" मी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून चालायला जातो म्हणून त्यांनीही बूट घेतले. जन्मभर अनवाणी बांध तुडवलेला हा माणूस सेक्टरातल्या नव्या बागेत चालून आला तो हसतच. "आयला, माझ्याच शेतान मी गोल गोल फिरतय! ना पेरनी, ना लावनी!" हसता हसता त्यांनी बूट ओट्याखाली सारले, ते पुन्हा काही काढले नाहीत.

पण खरा घोळ केला तो आमच्या दारावरच्या बेलने. दाबली की चिमणी चिवचिवायची. घरमालकांनी ती दाबली, पुन्हा दाबली, आणि त्यांच्या डोळ्यांतली चमक पाहून बायको मला हळूच म्हणाली, "झालं, आता खालीही चिमणी." दुसऱ्या दिवशी खाली चिमणी आलीच. पंचाईत एवढीच, की त्या घराचं दार पहाटे उघडायचं ते निजायच्या वेळी लागायचं. गावात बेल वाजवून कोण येतो? अंगणातून "हायस का रं घरान?" अशी हाक यायची आणि हाकेच्या पाठोपाठ माणूस आत. संध्याकाळी तर घरमालकांचे जुने सोबती, एके काळी ज्यांचे बांध यांच्या बांधाला लागून होते ते, सरळ आत शिरून पत्ते मांडायचे. घरमालक त्यांना परत अंगणात पिटाळू लागले. "जा, भायेर जा. बेल वाजव, मंग ये!" गंमत म्हणून त्यांनी वाजवलीही. मग उघड्या दारावर बेल शोभत नाही हे घरमालकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार लावल्यावर कोण आलंय ते दिसेना, म्हणून दाराला भिंग बसलं. भिंगातून ज्याचं त्याचं नाक वांग्याएवढं दिसे, ओळख पटेना, म्हणून साखळी आली. गरजेचं हे असंच असतं, तिला एकटीला करमत नाही.

करमेना ते सोबत्यांनाही. बंद दारासमोर ताटकळायचं आणि आतून कुणीतरी डोळा लावून आपल्याला बघतंय हे सोसायचं, याचा त्यांना राग आला. एकेक जण देवळापाशी पारावर बसू लागला. घरमालकांना आधी वाटलं, कामात असतील. मग वाटलं, बेल बिघडली असेल. एका संध्याकाळी खालची चिमणी थांबायलाच तयार नाही म्हणून मी जिना उतरलो, तर घरमालक बाहेर उभे राहून स्वतःचीच बेल दाबत होते.

"चालते का बगत होतो," ते ओशाळून म्हणाले.

"चालते की!"

"मंग कोन येत का नाय?"

त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं नाही. इतक्यात मालकीणकाकू आतून आल्या. "आवो, बेल हाय म्हनूनच येत नाय कोन," असं म्हणत त्यांनी दार सताड उघडलं आणि त्याला जुना वरवंटा अडकवला. घरमालक चपला घालून पाराकडे गेले. तिथे काय बोलले ठाऊक नाही, पण परतले ते सगळ्या मंडळींना घेऊनच, आणि पत्त्यांचा डाव असा रंगला की वरती आम्हाला टीव्ही ऐकू येईना. बेल मात्र त्यांनी काढली नाही. "राहू द्या," म्हणाले, "पावन्यांना दाखवायला."

पुढे आम्ही नेरूळला सोसायटीत फ्लॅट घेतला. एका रविवारी खालून, वॉचमनला न जुमानता, हाक आली, "सायेब, हाव का घरान?" सगळ्या बाल्कन्यांतून डोकी बाहेर आली. मी शरमलोही आणि धावत खालीही गेलो. वर आल्यावर बायको म्हणाली, "अहो काका, बेल आहे ना आमच्याकडे!"

"ती तुमचीच खोड, वहिनी," ते हसले. "बेल वाजली की कोनतरी आला एवढंच कळतं. हाक मारली की मी आलो ते कळतं."

त्यानंतर दर सणाला ते असेच खालून हाक मारत येत राहिले. आता ते नाहीत. आमची चिमणी दिवसभर चिवचिवत असते; केबलवाला येतो, इस्त्रीवाला येतो, सोसायटीची नोटीस येते. मी दार उघडतो आणि लावतो. संध्याकाळी बाल्कनीत उभा राहिलो की मात्र कान उगाचच खाली लागलेले असतात. मला कुणाची तरी हाक हवी असते, हे त्यांनी हाक मारेपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होतं!