पाकिटांवरचे पत्ते

गारखेड्याहून मी रोज ज्या प्रसारण केंद्रावर जाते, तिथलं माझं काम म्हणजे पाकिटं भरणं. टीव्हीच्या चित्राचे बारीक तुकडे करायचे, ते इंटरनेटच्या धर्तीच्या पाकिटांत घालायचे, प्रत्येकावर वाहिनीचा पत्ता टाकायचा आणि टॉवरवरून सोडून द्यायचे. हे सगळं यंत्रच करतं, पत्ते तेवढे मी ठरवते. चाचणीसाठी दिलेल्या खास फोनवर मग नेटशिवाय टीव्ही दिसतो. फक्त कोणत्या वाहिनीचा पत्ता कोणता, याची यादी फोनला आधी पाठवावी लागते.

त्यातला एक फोन मी बिडकीनला बाबांना दिला होता. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारा माणूस, यंदा गुडघ्यांमुळे घरी अडकला. गावातल्या नेटचं काही खरं नाही. मी ऐटीत सांगितलं, "बाबा, तिथला सोहळा घरी बसून बघा. नेटबिट काही लागत नाही."

आदल्या दिवशी मी वाहिन्यांचे पत्ते नव्याने लावले. जुनी मांडणी मला बघवत नव्हती, नीटनेटकेपणाची खोड, दुसरं काय. नवी यादी पाठवायची मात्र राहिली. दसऱ्याला केंद्रातल्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं, कारण पाकिटं निघाली की नाही एवढंच तो पडदा बघतो. बाकीचे फोन सुट्टीमुळे साहेबांच्या कपाटात पडून होते, त्यामुळे तक्रार करणारंही कुणी नव्हतं. दुपारी चारला फोनकडे अजून जुनीच यादी असल्याचं नजरेस पडलं. दिवसभर बाबांना काहीही दिसलं नव्हतं, आणि त्यांनी मला एकदाही फोन केला नव्हता.

यादी पाठवली आणि मिळेल त्या बसने बिडकीन गाठलं. बाबा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते.

"दिसलं का बाबा?"

"दिसलं की. लई गर्दी व्हती."

मला स्वतःचाच संताप आला. "काही दिसलेलं नाही बाबा. माझी चूक झाली."

"ठाऊक हाय, माय. सकाळी समदी आळी बोलावली व्हती म्या. माझ्या पोरीनं लावून दिलंय, बघा म्हणलं."

"मग?"

"मग काय. माझ्याच हातून बटण चुकलं म्हणलं. हसले अन् गेले घरी."