बोटभर जागा

बिर्येरने आपल्या जुन्या गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन बसवले आणि महिन्याभरात तो गेला. दफनाच्या दिवशी शवपेटीपुढे ती गाडी चालावी, एवढीच त्याची बायको गुनवोर हिची इच्छा होती.

आदल्या दिवशी शेजारच्या हाल्वार मेकॅनिकने स्टिअरिंगचा दांडा आणि धुराचा पाइप यांच्यामध्ये बोट घातले. ते सहज गेले. बिर्येरनेही एवढेच पाहिले असणार. मग हाल्वारने इंजिन चालू करून वेग वाढवला, तसे ते रबरी आधारांवर कलले आणि पाइप दांड्याला टेकला.

“वळणावर स्टिअरिंग अडकेल गं,” तो गुनवोरला म्हणाला. “ दांडा पाइपापासून दूर वळवायला त्यात सांधा घालावा लागेल, त्याला दोन दिवस हवेत.”

“एक किलोमीटर तर जायचंय! मेलेल्याच्या कामातही खोट काढतोस?”

“जिवंतपणी त्यानं बघू दिलं असतं, तर तेव्हाच काढली असती.”

वीस वर्षांपूर्वी हाल्वारने एका मित्राला अशीच खोट असलेली गाडी घेऊन जाऊ दिले होते. उद्या जिथे जायचे होते, त्याच चर्चमागे त्याचे थडगे होते.

सकाळी इंजिन बंदच ठेवले. हाल्वार धरून सहा म्हाताऱ्यांनी गाडी ढकलली आणि गुनवोर स्टिअरिंगवर बसली. बोटभर जागा शाबूत राहिली, वळणे नीट घेतली गेली.

“त्याला गाडीचा आवाज आवडायचा रे,” खिडकीतून ती म्हणाली.

हाल्वार मान खाली घालून ढकलत राहिला.