गळतीतले बाबा

ऑफिसात तिला सगळे म्हणजेताई म्हणत, आणि त्यात कोणाचा खोडसाळपणा नव्हता. कोणी काही सांगायला लागलं की दुसऱ्या वाक्याला तिचं "म्हणजे?" ठरलेलं असे. "ताई, वापर वाढलाय!" "वाढलाय म्हणजे? कोणाचा? कधीपेक्षा?" सांगणाऱ्याचा उत्साह तिथेच गार पडे. घरीही तीच तऱ्हा. नवरा फोनवर "निघालोच" म्हणाला की ती विचारी, "निघालो म्हणजे खुर्चीतून की दारातून?" शेवटी त्या बिचाऱ्याने त्यावर तोडगा काढला होता. गाड्यांचे आवाज ऐकू येतील अशा ठिकाणी येऊन उभा राही आणि मगच फोन लावी.

कंपनी एका फर्निचरच्या दुकानाच्या वर होती. जिन्यात कायम पॉलिशचा वास. वर एक लांबलचक खोली, तिच्यात पाठीला पाठ लावून बसलेली पंचवीस-तीस माणसं. काम एकच, औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं ॲप बनवायचं आणि चालवायचं. किती लोक ते वापरतात, कसं वापरतात, हे आकडे काढणं म्हणजेताईच्या वाट्याला आलेलं होतं.

आता आकडे काढायला काय लागतं, असं कोणालाही वाटेल. पण महिन्याच्या बैठकीत संचालकबाईंनी साधा प्रश्न विचारला की आपले वापरकर्ते किती, तर तीन माणसं तीन आकडे सांगत. प्रोग्रामर चाळीस हजार म्हणत. तक्रारी ऐकणारी मंडळी ऐंशी हजार म्हणत. विक्रीप्रमुख सव्वा लाख म्हणत, आणि इतक्या वेळा, इतक्या खणखणीत आवाजात म्हणत, की त्यांचं नावच सव्वालाख पडलं होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. जो तो आपापल्या पद्धतीने मोजत होता. संचालकबाई कपाळाला हात लावून बसत.

यावर म्हणजेताईने कोश काढला. सगळ्यांना दिसेल असं एक पान, त्यात प्रत्येक आकड्याची एक नोंद. आकड्याचं नाव, साध्या भाषेत त्याचा अर्थ, तो कुठून काढला, त्यात काय धरलं आणि काय सोडलं. ज्याची नोंद कोशात नाही तो आकडा बैठकीत उच्चारायचा नाही. लोकांनी आधी नाकं मुरडली. पण तीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. एकेका टेबलाशी खुर्ची ओढून बसायची, चहा पाजायची आणि समोरच्याकडून अर्थ वदवून घ्यायची.

सगळ्यांच्या नाकी नऊ आणले ते 'सक्रिय वापरकर्ता' या नोंदीने. सव्वालाख ठामच होते. "ज्याच्या फोनमध्ये ॲप आहे तो आपला वापरकर्ता. त्याने घेतलंय ना? झालं तर!"

"साहेब," म्हणजेताई भर बैठकीत म्हणाली, "माझ्या घरात व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात. मी रोज व्यायाम करते असं लिहू का?"

खोली खो खो हसली. सव्वालाखही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या हशातच नोंद मंजूर झाली. गेल्या महिन्याभरात ज्याने पडद्यावर स्वतःच्या हाताने निदान एकदा काही केलं, तो सक्रिय. दोन महिने ज्याने काहीच केलं नाही, तो गळतीत. सव्वा लाखांचे एका झटक्यात पन्नास हजारही उरले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी म्हणजेताई हवेत तरंगतच घरी गेली.

हळूहळू कोशाचा जम बसला. वाद झाला की लोक आपण होऊन "कोशात बघा" म्हणू लागले. हे तीन शब्द कानावर पडले की तिला पगारवाढ झाल्यासारखं वाटे.

मग काटकसरीचे दिवस आले. ॲपमधलं काहीतरी कमी करायचं होतं, आणि सगळ्यांचं लक्ष गेलं बोलत्या आठवणीकडे. वेळ झाली की फोन मोठ्याने सांगायचा, "पिवळी गोळी. पाण्याबरोबर." हे काम एका शांत, टक्कल पडू लागलेल्या प्रोग्रामरने केलेलं, त्याला आवाजवाला म्हणत. आवाज त्याच्या मावशीचा होता. मावशी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे गोळी घ्यायचं सांगताना सुद्धा तिच्या सुरात शुद्धलेखनाची वही तपासल्याची जरब होती. पण नवा फोन बाजारात आला की हा आवाज कुठेतरी अडे आणि तो सुरळीत करण्यात आवाजवाल्याचे दिवसचे दिवस जात.

"सक्रिय वापरकर्त्यांपैकी हे किती जण वापरतात?" संचालकबाईंनी विचारलं.

म्हणजेताईने कोशाप्रमाणे आकडा काढला. शंभरात दोन. एवढ्यावर बोलायला काही उरलंच नाही. महिनाअखेर आवाज बंद करायचा असं ठरलं, आणि तसं टिपण लिहायचं काम तिच्याकडेच आलं. आकड्याशी भांडायचं कसं, हे आवाजवाल्याला ठाऊक नव्हतं.

टिपण लिहायच्या दिवशी तिला सणसणीत सर्दी झाली होती, म्हणून ती घरूनच काम करत होती. बाबा, म्हणजे तिचे वडील, आई गेल्यापासून तिच्याकडेच राहत. ते खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसले होते. तेवढ्यात फ्रीजवर ठेवलेला त्यांचा फोन बोलला, "पिवळी गोळी. पाण्याबरोबर." बाबा उठले, डबीतून गोळी काढली, पाणी प्यायले आणि परत येऊन आडवा सहावा शब्द शोधू लागले. फोनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाबा, गोळी घेतली की फोनवर 'घेतली' असं दाबायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं होतं, लावून दिलं तेव्हा."

"तेव्हा दाबलं होतं एकदा. भलतंच काहीतरी उघडलं. त्यानंतर हात लावला नाही. ती सांगते, मी घेतो. तिला पावती कशाला हवी?"

म्हणजेताईने लॅपटॉप जवळ ओढला. "बाबा, तुमची नोंद बघू का जरा?" असं विचारून तिने त्यांचा नंबर घातला. समोर शब्द आला, गळती.

"बाबा, तुम्ही गळतीत आहात."

"मी कशाला गळू?"

"कंपनीच्या लेखी तुम्ही हे वापरणं केव्हाच सोडून दिलंय."

बाबांनी चष्मा वर केला. "मग ते फ्रीजवरून दिवसातून तीनदा ओरडतं, ते कोणासाठी? फ्रीजसाठी?" मग थोडं थांबून म्हणाले, "हा हिशेब केला कोणी?"

"मी."

"बरं," बाबा म्हणाले आणि पुन्हा कोड्यात शिरले. शेवटी बापच तो. आणखी काही बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती अर्धवट लिहिलेल्या टिपणाकडे बघत राहिली. ॲप नुसतं घेऊन ठेवलेली सव्वालाखांची माणसं बाहेर ठेवायला तिने दार इतकं अरुंद केलं होतं, की तिचा स्वतःचा बाप त्यातून आत येऊ शकला नव्हता. टिपण पाठवलं तर महिनाअखेर हा आवाज बंद होणार आणि असे कितीतरी बाबा कोडी सोडवत बसणार, गोळ्या डबीत तशाच. नाही पाठवलं तर ज्यांना तिने चारचौघांत हसवून गप्प केलं होतं, त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल करायची. तेही गिळलं असतं तिने. पण कोशाचं काय? एक नोंद चुकली म्हटल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? जो तो आपापला आकडा ओढायला मोकळा. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. एक माणूस म्हणजे काही आकडा नव्हे, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं, पण ते काही तिला पटेना. टिपण तिने तसंच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी नाक पुसत ती थेट सव्वालाखांच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सव्वालाखांचा चेहरा फुलला. "म्हणजे माझे सव्वा लाख बरोबर होते!"

"नाही. तुमचंही चूक, माझंही चूक."

"मग बरोबर कोण?"

"ते फोन करून विचारू. तुमच्याइतकं गोड फोनवर बोलणारं इथे दुसरं कोण आहे?"

सव्वालाखांना स्तुती पचायला कधीच जड गेली नव्हती. गळतीत असलेल्या, पण बोलती आठवण बंद न केलेल्या माणसांची यादी घेऊन दोघं छोट्या खोलीत बसले. आवाजवालाही येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

"नमस्कार काका, तुम्ही आमचं ॲप वापरता का?"

"नाही हो."

दुसरा फोन, नाही. तिसरा, नाही. चौथ्या बाईंनी तर "नको नको, आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणून फोनच ठेवला. म्हणजेताईचा चेहरा पडत चालला. बाबा एकटेच निघाले तर? पुढच्या आजोबांनीही वापरत नाही असं ठासून सांगितलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या फोनमधून खणखणीत ऐकू आलं, "निळी गोळी. जेवणाआधी."

आवाजवाला उडालाच. "मावशी!"

"आजोबा, हे कोण बोललं?" सव्वालाखांनी विचारलं.

"ती होय? ती आमची गोळीवाली. वेळेवर सांगते बिचारी."

"अहो, तेच आमचं ॲप!"

"असेल. पण आम्ही नाही वापरत हो. तीच सांगते."

म्हणजेताईला असं हसू फुटलं की सर्दीने तिला ठसकाच लागला. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनाही आपण ते वापरतो हे ठाऊक नव्हतं. मग पडद्याला बोट लागलं की नाही, यावरून ते कसं कळणार होतं?

त्यानंतर त्यांनी प्रश्नच बदलला. "काका, दुपारची गोळी लक्षात कशी राहते?" मग उत्तरं येऊ लागली. ती बाई सांगते. फोनमधल्या मास्तरीणबाई सांगतात. एक आजी म्हणाल्या, "तिला म्हणावं जरा हळू बोल, पण तिला काढू नका. दिवसभरात घरात तेवढाच आवाज असतो." सव्वालाखांनी "नाही काढणार, आजी" म्हटलं आणि यादीत त्यांच्या नावापुढे 'जरा हळू' असं लिहून ठेवलं.

सगळीच उत्तरं अशी नव्हती. काहींनी जुना फोन विकला होता. काहींचा जुना फोन कपाटात पडून होता आणि मावशी तिथे सदऱ्यांना गोळ्या घ्यायला सांगत होती. सव्वालाख तीही उत्तरं मुकाट्याने लिहून घेत होते.

बैठकीत म्हणजेताई उभी राहिली. "'सक्रिय वापरकर्ता' ही नोंद चुकली आहे. लिहिणारी मी," ती म्हणाली आणि फोनची सगळी हकीगत सांगितली.

"मग बाकीच्या नोंदी बरोबर कशावरून?" मागून कोणीतरी विचारलंच. ज्याची भीती होती तोच प्रश्न.

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "त्याही चुकलेल्या असतील. म्हणून तर त्या उघड्यावर ठेवल्यात. ही जशी माणसांना विचारून तपासली, तशा त्याही तपासू."

तिने 'ऐकणारा वापरकर्ता' अशी वेगळी नोंद आणली होती. आवाज चालू आहे, आणि तो फोनवर खरोखर वाजतो आहे. खाली तिने लिहिलं होतं, 'ऐकायला खोलीत कोणी असतं का, हे आम्हाला नक्की माहीत नाही. दर महिन्याला काही जणांना फोन करून अंदाज घ्यावा.'

संचालकबाईंनी ते दोनदा वाचलं. "आपल्या कंपनीत 'नक्की माहीत नाही' असं कोणी लेखी दिलेलं मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "आवाज राहू दे." आवाजवाला दार ढकलून बाहेर पळाला आणि मावशीला फोन लावून बसला.

म्हणजेताई जागेवर आली. आवाज वाचला याचा आनंद होताच, पण धाकधूकही होती. आता एकेक जण येणार, आपापली नोंद फुगवून मागणार, आणि आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

संध्याकाळी पहिला माणूस आलाच. सव्वालाख. स्वतःची खुर्ची ओढत आले होते.

"ताई, ती 'ग्राहक' नोंद माझी ना?"

"तुमचीच. ज्याच्या फोनमध्ये ॲप तो ग्राहक, त्या नोंदीला हात लावायचा नाही असं तुम्ही बजावलं होतं."

"हं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज एकदम खाली आणला. "त्या यादीतले किती फोन लागलेच नाहीत. किती कपाटात पडलेत. मला आकडा कमी करायचाय. कसा करायचा तेवढं दाखवा."

आकडा वाढवून मागणारी माणसं तिने आजवर खूप पाहिली होती. तो कमी करायला कोणी खुर्ची ओढत आलं नव्हतं. तिने सरकून त्यांना जागा करून दिली आणि नोंद उघडली.