सात सेकंदांचा मेसेज

आमचं शेत सिन्नरच्या पुढे आणि मी नाशकात. मधलं अंतर फोनने मिटवलं, असा माझा तोरा होता. विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवायचा हट्टही माझाच. शेतावर लाईट आली की मला मेसेज येतो, मी इथून बटण दाबतो, तिकडे पाणी सुरू. चहाच्या टपरीवर चारचौघांत मी हे मुद्दाम करून दाखवायचो.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. विहिरीत उतरायचं असलं की दादा आधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग मोटर लावायची कुणाची बिशाद! स्टार्टर बसला आणि ते सुटलं. "पेटीपर्यंत कोण जातंय? पोराला सांगितलं की झालं," असं म्हणू लागले.

सांगायचे ते व्हॉइस मेसेजवर. दिवसाला पंधरा-वीस. कोथिंबिरीला काय भाव मिळाला, गाय वैरण खात नाही, कुणाच्या पोरीचा साखरपुडा ठरला, जेवलास का. सुरुवातीला मी सगळे ऐकायचो. मग संध्याकाळी एकदम ऐकू म्हणायला लागलो, आणि मग ऐकले असं नुसतंच सांगायला लागलो. लाज वाटते, पण खरं सांगतो, बापाचा आवाज मला कटकट वाटायला लागला होता. अनोळखी लोकांच्या रील्स बघायला मात्र वेळच वेळ होता.

त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती. सकाळी दहाच्या सुमारास मी नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत मोटरसायकलवर अडकलो होतो. पुढे ट्रक, मागून हॉर्न. फोन थरथरला, सवयीने बाहेर काढला. दादांचा व्हॉइस मेसेज आलेला होता आणि त्याच्यानंतर लाईट आल्याचा मेसेज. दादांचा तसाच ठेवला, अंगठ्याने मोटर चालू केली. विचार केलाच नाही. ट्रक हलला, मीही निघालो.

थोड्याच वेळात शेतशेजारच्या काकांचा फोन आला. "मोटर कोणी लावली रं? दादा हिरीत हायेत! फ्यूज वढले मी, पण ते बोलत नायत. तू निघ लगेच."

केबलचा जुना जोड पाण्यात उघडा पडला होता. दादांना करंट लागला आणि ते विहिरीच्या दगडांवर आपटले. जीव वाचला. उजवा हात तेव्हापासून नुसता लोंबकळतो.

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी तो मेसेज लावला. सात सेकंदांचा. "मोटर लावू नको रं. दोरी अडकलीय, हिरीत उतरतो. वर आलो की सांगतो." मी तो परत परत ऐकला. येणारेजाणारे बघत होते, तरी मी डोकं भिंतीवर आपटलं. सात सेकंद! गर्दीत मी त्याहून कितीतरी जास्त वेळ उभा होतो.

तिसऱ्या दिवशी दादा नीट बोलायला लागले. त्यांचा फोन विहिरीच्या तळाशी होता, म्हणजे तो मेसेज आता फक्त माझ्याकडे. आई उशाशी बसलेली होती.

"माझंच चुकलं," दादा म्हणाले. "हिरीजवळ रेंज नसती. मेसेज गेलाच नसंल. नायतर तू मोटर लावली असती का?"

मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं.

"नाही आला, दादा," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने माझी पाठ थोपटू लागले. आई रडत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि पाठीवरचा हात काढवत नव्हता.

आता मेसेज आला की मी हातातलं सगळं टाकून ऐकतो, पण त्याचा काय उपयोग? नव्या फोनवर दादा डाव्या हाताने मेसेज पाठवतात, आणि पाठवला की लगेच फोन करून विचारतात, "पोचला का रं? आमच्या इथं रेंजचा लय घोळ हाय."