फरासान बेटावर भरलेली कॅसेट

आखाती युद्धाच्या बातम्या ऐकून, कामगार कँपवर माझ्याच खोलीत राहणाऱ्या याकूबच्या आईने दापोलीहून निरोप धाडला, "नोकरी सोड, घरी ये." युद्ध पार उत्तरेला आणि आम्ही सौदीच्या दक्षिण टोकाला, जिझानला, पण हे तिला कोण पटवणार? नोकरी सोडली की व्हिसाही गेला. मी म्हटलं, "फरासान बेटावर जाऊ. तिथून कॅसेट भरून पाठव. सहलीला गेलेला माणूस संकटात नसतो."

मी एसी मेकॅनिक, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलेलो. त्यामुळे याकूबने काय बोलायचं ते मीच शुद्ध मराठीत लिहून दिलं.

शुक्रवारी सकाळी बंदरावर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि कफीलचं, म्हणजे मालकाचं, पत्र दाखवलं. युद्धामुळे शिपायाने कॅमेरा ठेवून घेतला, टेपरेकॉर्डर सोडला. (आता मोठी फेरीबोट जाते, जागा आधी राखून ठेवा.) आमची लाकडी लाँच, डिझेलचा वास, आणि पाणी इतकं नितळ की तळातली पोवळी दिसत होती. मी सांगलीचा, मळमळायला लागलं.

"भाऊ, खाली नका बघू, लांब बघा," याकूब हसत म्हणाला.

बेटावर भाड्याची पिकअप केली. वाटेत भाजलेला मासा आणि खबूस रोटी झकास मिळाली. शिकारबंदीच्या माळावर खुरट्या बाभळींआड हरणं दिसली: लहानखुरी, मातकट, पोटाला पांढरी.

"बोल आता," मी कुजबुजलो.

"आदरणीय मातोश्री, आम्ही पूर्णतः सुरक्षित आहोत..."

पहिल्याच वाक्याला हरणं पसार!

परतीला नावाड्याने गळ टाकायला लाँच थांबवली. लाटांचा आवाज हवा म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. तेवढ्यात याकूब नावाड्यावर उसळला, "अरे, असा टाकतात काय नांगर? पोवळ्यात अडकेल! दे इकडे!"

त्याने स्वतः टाकला, आणि तो अडकला.

"खलास!" नावाड्याने कपाळावर हात मारला.

कँपवर मी ते भांडण पुसायला निघालो. याकूब म्हणाला, "राहू दे, समुद्र ऐकेल ती." पाठवण्याआधी मी प्रत काढून ठेवली.

आईची उलट कॅसेट आली. "पहिलं ऐकून रडले रे. वाटलं, बंदूक धरून वाचून घेतायत. मातोश्री कधी म्हणालास मला? मग नांगराचं ऐकलं. एवढा भांडतोस म्हणजे बरा आहेस. राहा तिकडे. पण दुसऱ्याच्या होडीत हात घालू नको."

माझ्या मजकुरात एकही चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. सांगलीच्या घरी ती प्रत अजून वाजते. हरणं तिच्यात नाहीतच. याकूब ओरडतो, आणि मागे कुणीतरी मळमळ विसरून पोट धरून हसतं. तो मी.