फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आज दसऱ्याला लेकीनं माझ्या लॅपटॉपला कुंकू लावलं आणि झेंडूच्या वासासरशी मला समुद्रकाठच्या घिवली गावातलं आमचं घर आठवलं. नव्वदच्या सुमाराचा दसरा. होडीची पूजा आटोपून आई तेच ताट घेऊन माझ्या कॉम्प्युटरपाशी आली. टेबलावर काळी, चौकोनी फ्लॉपी होती. तिच्या खाचेतून आतली तबकडी चकाकत होती. आईनं नेमकं तिथंच कुंकवाचं बोट टेकवलं.

मग कॉम्प्युटर काही ती वाचेना. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा माझा प्रोग्राम त्या एकाच फ्लॉपीवर होता.

"आई, सगळं गेलं," मी म्हटलं.

"तुज्या डोक्यातलं तं नाय ना गेलं?" असं म्हणून तिनं उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

दिवाळीपर्यंत मी तो प्रोग्राम आठवून पुन्हा लिहिला. निम्म्या ओळींत बसला, आणि चालायलाही चपळ झाला.

जुनं तेच बरं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फ्लॉपी भरवशाची नव्हतीच. आता सगळं आपोआप जपलं जातं, हे झकास झालं. तरी एखादं काम अडलं की मी लिहिलेलं सगळं पुसतो आणि पहिल्यापासून लिहायला बसतो. बहुतेक वेळा ते आधीपेक्षा चांगलं होतं.

लेकीच्या बोटाला अजून कुंकू होतं. मी कपाळ पुढं केलं.