खळ्यातली चुन्याची फुली

तुझा सगळ्यात चोख नकाशा कोणता, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. तो चौक नावाच्या कोळीगावाचा आहे, आणि तो चोख झाला हेच वाईट झालं.

ड्रोन उडवून जमिनीचे नकाशे करणं हा माझा धंदा. राहतो गोडदेवला, दोन खोल्यांत. कॉम्प्युटर जेवायच्या टेबलावर. तेव्हा एका सल्लागार कंपनीसाठी चौकच्या किनाऱ्यालगतची एक पट्टी दर तीन-चार महिन्यांनी वरून टिपायची होती. तीच उंची, त्याच फेऱ्या. मग सगळे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि मधल्या काळात काय बदललं ते बघायचं. ते एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून जमिनीवर चुन्याच्या ठसठशीत फुल्या मारून ठेवतात. त्यातली एक फुली मावशींच्या खळ्यात पडली.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. चौकच्याच, साठी उलटलेल्या, एकट्या. खळ्यात बांबूंवर बोंबील वाळवायच्या आणि बाजारात विकायच्या. घर त्यावरच चालायचं. पहिल्यांदा गेलो तर खळं बोंबलांनी भरलेलं. वाऱ्यावर हलणारी वस्तू आमच्या नकाशात धड येत नाही, नुसता चिखल दिसतो. वर फुलीही झाकलेली. मला काम चोख लागतं, हा माझा जुना माज. म्हटलं, "मावशी, उद्या एक दिवस हे काढाल का? बांबूसकट?"

"बांबू पन?"

"फक्त सकाळपुरतं."

त्यांनी काढलं. दिवसाचं वाळवण बुडालं, वर मलाच चहा पाजला. दुसऱ्या वेळी काढलं, तिसऱ्या वेळीही. त्या दिवशी ओले बोंबील कुठे ठेवता, हे मी एकदाही विचारलं नाही.

तिन्ही नकाशे एकावर एक बसवले. पट्टीवर कुठे भराव वाढलेला, कुठे पत्र्याची शेड उगवलेली. खळं मात्र तिन्ही वेळा तसंच, रिकामं. कंपनीच्या साहेबांनी अहवालात ते करड्या रंगाने भरलं आणि शेजारी लिहिलं, वापरात नसलेली जागा. तिथे पार्किंग सुचवलं होतं.

वाचलं तसा उठलो. ऑफिसात जाऊन सांगितलं, साहेब, तिथे रोज मासळी वाळते, मीच काढायला लावली होती. ते चिडले नाहीत. "अरे, फिर से उडाओ ना. दिसलं तर बदलू. मी पण येतो."

आता माझा भेकडपणा ऐका. मावशींना एक फोन करायचा होता, की काही काढू नका, उलट खच्चून भरा. पण मग का ते सांगावं लागलं असतं. माझ्या नकाशांनी तुमचं खळं पुसलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? फोन केलाच नाही. मनाला समजावलं, रोजच्यासारखं भरलेलं असेलच की.

ड्रोन उडणार असला की आदल्या दिवशी गावात कळवावं लागतं. ते साहेबांच्या माणसाने कळवलं होतं. सकाळी आम्ही पोहोचलो तर खळं लख्ख. बांबू भिंतीशी रचलेले, जमीन झाडलेली, फुलीवर ताजा चुना.

"तू सांगाया इसरलास," मावशी कौतुकाने म्हणाल्या, "पन मी काढलं सगलं. एक काडी न्हाय ठेवली."

मी साहेबांना भिंतीकडचे बांबू दाखवले. खळ्यातला वास दाखवता आला असता तर तोही दाखवला असता. ते म्हणाले, "बांबू कुठेही असतात. नकाशात येईल तेच धरायचं. उडवा."

नाही म्हणता आलं असतं. पण पुढची कामं त्यांच्याकडूनच यायची होती. उडवलं. घरी येऊन चौथा नकाशा आधीच्या तिन्हींवर ठेवला तेव्हा तो केसाइतकाही हलला नाही. खळ्यात फरक शून्य.

पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. मी ड्रोन पेटीत भरत होतो, साहेब गाडीत जाऊन बसले होते. मावशी कागदात बांधलेले सुके बोंबील घेऊन आल्या, माझ्या हातात ठेवले आणि भिंतीकडे बघून विचारलं, "आता परत लावू ना?"

"लावा, मावशी," मी म्हणालो.